बाबल मेस्त्रींची पश्चिमेची भिंत

"तुमचा बरोबर आसा, बाई," असं दर वेळी म्हणून माझं एकदाही न ऐकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. त्यांचं नाव बाबल मेस्त्री. माणूस वाद घालणारा असला की बरं असतं. आपणही चार शब्द बोलतो, आवाज चढतो, डोकं मोकळं होतं. बाबल मेस्त्री वादच घालत नसत. मान डोलवायचे, सगळं पटल्यासारखं हसायचे आणि मग बरोबर त्याच्या उलट करायचे. मी बावीस वर्षं म्युनिसिपालिटीच्या शाळेत चौथीचे वर्ग सांभाळले, एकेका वर्गात साठ साठ मुलं. ती सगळी कधी ना कधी सरळ आली. या एका माणसापुढे मात्र मी हात टेकले.

गिरण्यांच्या संपाला दुसरं वर्ष लागलं होतं. बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या अंगाला आमची वस्ती. घरटी एक माणूस गिरणीतला, म्हणजे त्या वर्षी घरटी एक माणूस घरात बसलेला. शेवटी बायकांनी कंबर कसली. मालवणी मसाला, मेतकूट, कुळथाचं पीठ, पापड असं करून विकायला सुरुवात केली. सगळ्या मिळून अठरा जणींचं मंडळ. मालतीबाई अध्यक्ष, कारण त्यांचा आवाज मोठा, आणि मी चिटणीस, कारण माझं अक्षर चांगलं. जागा मिळाली ती म्हशींच्या जुन्या तबेल्याची. भय्या म्हशी घेऊन कुठेतरी लांब गेला होता आणि मालकाने "पाडेपर्यंत वापरा" म्हणून तो आम्हाला दिला होता. उंच कौलारू छप्पर, वर वैरणीचा माळा, समोर गाडी आत जाईल एवढा दरवाजा, आणि चारी बाजूंना उभ्या लाकडी फळ्यांच्या भिंती. जागा झकास होती. फक्त पावसाळ्यात आत उभं राहायचं तर छत्री लागली असती.

आता मसाल्याचं असं असतं की तो उन्हाळ्यात कुटायचा आणि वर्षभर विकायचा. अठरा घरांनी आपलं होतं नव्हतं ते मिरच्या-धण्यांत घातलं होतं. तो सगळा माल डब्यांत भरून या तबेल्यात पावसाळाभर राहायचा होता. मसाल्याला एकदा ओल लागली की वर पांढरी जाळी धरते आणि मग तो फेकून देण्यापलीकडे इलाज नसतो. म्हणजे जूनच्या आत या भिंतींनी पाणी अडवलं तर ठीक, नाहीतर अठरा घरांचं वर्ष बुडालं. इतकं सरळ होतं ते.

अठरा जणींतली शेवंती म्हणाली, "माझो घोव मेस्त्री आसा, बाई. गिरणीत सुतारखात्यात होतो. तेच्या आदी देवगडाक होड्यांचा काम करी." मग जरा थांबून म्हणाली, "पण तेका घाय करू नका हां." मी तिथेच सावध व्हायला हवं होतं. उलट मंडळात मीच त्यांच्यासाठी शब्द टाकला.

दुसऱ्या दिवशी बाबल मेस्त्री आले. पन्नाशीचे, काटकुळे, खाकी हाफपँट आणि वर गंजीफ्रॉक, खांद्यावर पंचा. हातात हत्यार म्हणाल तर मोडक्या छत्रीची एक काडी. ती काडी ते फळीत टोचायचे आणि किती आत जाते ते बघायचे. टोचून झालं की तिथेच नाक लावून हुंगायचे. चारी भिंती अशा टोचून आणि हुंगून होईपर्यंत दुपार झाली. मालतीबाईंना कुठे दम निघतो? त्या म्हणाल्या, "मेस्त्री, फटी बुजवा, दोन हात ऑइलपेंट मारा, खेळ खल्लास. काय?"

"तुमचा बरोबर आसा," मेस्त्री म्हणाले आणि तबेल्यातून निघून गेले.

पुढचे तीन दिवस त्यांचा पत्ता नव्हता. पत्ता नव्हता म्हणजे तबेल्यात नव्हता, वस्तीत होता. ते घरोघर जाऊन विचारत होते, तुमची कुठची भिंत भिजते, कुठची खिडकी पावसात लावून घ्यावी लागते, कपडे कुठल्या बाजूला वाळत नाहीत. लोक मला येऊन सांगायला लागले, "बाई, तुमचा मेस्त्री आमच्याकडे चहा पितो आणि न्हाणीची भिंत हुंगतो." मला तोंड लपवायची पाळी आली. चौथ्या दिवशी ते माझ्या दारात उभे राहून म्हणाले, "बाई, पाऊस पश्चिमेसून येता."

"मेस्त्री," मी म्हटलं, "हे मी चौथीला भूगोलात शिकवते. नैर्ऋत्य मोसमी वारे. त्याला तीन दिवस कशाला लागतात?"

"तुमचा बरोबर आसा, बाई. पण तो बाजूच्या चाळीवर आपाटता आणि थयसून तिरको होवन आमच्या भिंतीर येता. खालसून वर येता. छपराचा पाणी न्हय ता, भिंतीचा पाणी." आणि मला तबेल्यापाशी नेऊन त्यांनी पश्चिमेच्या फळ्या दाखवल्या. कंबरेइतक्या उंचीपर्यंत त्या काळ्या पडून भुसभुशीत झाल्या होत्या, वर मात्र ठणठणीत होत्या. गेली दोन वर्षं मी त्या भिंतीशेजारून रोज शाळेत जात होते. त्यांचं बरोबर निघालं याचाच मला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन बघते तर पश्चिमेची भिंतच नाही. डागडुजी वगैरे काही नाही, अख्खी भिंत उतरवून फळ्या अंगणात मांडून ठेवलेल्या. आत मिरच्या वाळत घातलेल्या, पापड लाटायचं चाललेलं, आणि सगळा तबेला रस्त्यावरून दिसत होता. बायकांनी जुनी लुगडी बांधून आडोसा केला. त्या आडोशातून शेजारची बकरी आत शिरली आणि पापडांचं एक सूप फस्त करून गेली. मालतीबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या मला म्हणाल्या, "तुमच्या शब्दावर काम दिलंय हं याला. माल भिजला ना, तर मी सगळ्यांना सांगेन, बाईंना विचारा म्हणून." मेस्त्री तिथेच बसून फळीच्या टोकावरून रंधा फिरवत होते.

कुजक्या फळ्या बदलल्या, त्यासाठी वैरणीच्या माळ्यावरच्या काही उतरवल्या. मग एकेक फळी घेऊन तेल पाजायला सुरुवात झाली. ते फळीला तेल लावायचे नाहीत, पाजायचे. त्यांचाच शब्द. आधी मागची बाजू, मग कापलेली टोकं. टोकांना तर तीन-तीन हात. "लाकूड अंगान पाणी पिना नाय, बाई. तोंडान पिता. ही तेची तोंडा." तेल पाजलेल्या फळ्या सावलीत एकावर एक रचायच्या आणि मध्ये बांबूच्या चिपा घालायच्या, वारा खेळायला. एका थराला चार दिवस. मी कॅलेंडर दाखवलं. ते त्यांनी लक्ष देऊन पाहिलं, वरचं गणपतीचं चित्र छान आहे म्हणाले.

मालतीबाईंनी विचारलं, "अहो, पण मागची बाजू कोण बघणार आहे?"

"पाऊस बघता," मेस्त्री म्हणाले.

तेलावरून तर माझ्या नाकी नऊ आले. सुतार ज्याला बेलतेल म्हणतात ते, म्हणजे उकळलेलं अळशीचं तेल, स्टेशनजवळच्या दुकानातून मी आणलं. मेस्त्रींनी बोटावर घेतलं, चोळलं, हुंगलं, आणि म्हणाले, "बरा आसा." मग डबा बाजूला ठेवून दिला. दोन दिवस तो तसाच. शेवंतीने मला हळूच सांगितलं की त्यांना ते पसंत नाही, पण तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलत नाहीत. दुसऱ्या दुकानातून आणलं. तेही "बरा आसा." तिसऱ्या वेळी मी त्यांनाच बरोबर नेलं. तिथे या गृहस्थांनी बरणीत बोट घालून ते जिभेवर ठेवलं आणि दुकानदाराला अतिशय गोड आवाजात विचारलं, "शेटजी, ह्येच्यात रॉकेल किती घालतास?" दुकानदार हातघाईवर आला. चार गिऱ्हाईकं गोळा झाली, त्यांत माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील. मेस्त्री हात जोडून म्हणत होते, "तुमचा बरोबर आसा, शेटजी," आणि जागचे हलत नव्हते. शेवटी आतून दुसरा डबा निघाला. त्या दुकानात मी पुढे वर्षभर पाय ठेवला नाही.

भिंतीच्या बाहेरच्या अंगाला मात्र त्यांना बेलतेल नकोच होतं. त्यासाठी गावाहून काजूच्या टरफलाचं तेल मागवलं. होड्यांना तेच लावतात म्हणे. काळं, चिकट, आणि कातडीला लागलं तर फोड उठतात. आता मुलाबाळांच्या वस्तीत हे! मेस्त्रींनी फळ्यांभोवती काथ्याची दोरी बांधली आणि दिवसभर राखण करत बसले. तरी मालतीबाईंनी वाळलं का बघायला एक बोट लावलंच. आठवडाभर बोटाला फडकं बांधून हिंडत होत्या. मला, खोटं कशाला सांगू, थोडं बरं वाटलं.

मेच्या मध्यावर भिंत पुन्हा उभी राहिली. काळीभोर, तुळतुळीत, आणि जमिनीपासून चार बोटं वर. खालून उंदीर येतील म्हणून बायका ओरडल्या. मेस्त्रींनी मान डोलवली, फट तशीच ठेवली आणि तिला आतून जाळी ठोकली. दोन फळ्यांमध्येही त्यांनी बारीक फट सोडली होती आणि त्या फटीवर बाहेरून अरुंद पट्ट्या मारल्या होत्या. गंमत म्हणजे या पट्ट्या हलत होत्या. वारा आला की सगळी भिंत खडखडायची.

"मेस्त्री, हे हलतंय," मी म्हटलं.

"हलूक व्हया, बाई. पट्टीचो खिळो फटीतसून मागच्या आडव्या वाशाक मारलंय, फळयेक लागूक नाय. आता उन्हान फळयो आकसल्यो. पावसात फुगतल्यो, मगे आपसूक गप बसतल्यो. फुगाक जागा नको?" मग त्यांनी मला अगदी बजावून सांगितलं, आणि असं बजावताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. पुतणीच्या लग्नाला ते दहा दिवस गावी जाणार होते. तोवर भिंतीला कोणी हात लावायचा नाही. तेल उन्हात मुरू द्यायचं. आल्यावर उत्तरेची भिंत घेऊ, ती पण उतरवावी लागेल. बाकीच्या दोन शेजारच्या इमारतींच्या आडोशाला होत्या, त्यांना काही नको.

आता इथून पुढचं सांगायला मला लाज वाटते, पण सांगते.

मेस्त्री गेले आणि तिसऱ्या दिवशी कळलं की नगरसेवक मंडळ बघायला येणार. तबेल्यात नळ नव्हता, तो त्यांच्या शब्दावर मिळण्यासारखा होता. मालतीबाई म्हणाल्या, "आणि आपण त्यांना काय दाखवणार? ही डांबर फासल्यासारखी भिंत? ती पण खडखडणारी? लाज काढाल माझी." बायकांच्या घरची मंडळी रिकामीच होती. शांताराम नावाचे एक जॉबर, म्हणजे गिरणीतले मुकादम होते, साचेखात्यात मागांवर आयुष्य घालवलेले. ते आणि आणखी सहा-सात जण बघायला आले. या लोकांचं एक होतं. गिरणीत जे खडखडतं ते बिघडलेलं असतं. खडखड ऐकू आली की साचा बंद पडायच्या आत ते आवळायचं, हा त्यांचा वीस-वीस वर्षांचा हात. दीड वर्ष त्या हातांना आवळायला काही मिळालं नव्हतं. शांताराम भिंतीला कान लावून म्हणाले, "मेस्त्री म्हातारा झाला यार. सगळं लूज ठेवलंय." आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, बोला. एका दिवसात टाइट करून देतो. पैसा नको."

मी चिटणीस. मी नाही म्हटलं असतं तर ते थांबले असते. पण महिनाभर "तुमचा बरोबर आसा" ऐकून माझं डोकं पिकलं होतं. एकदा तरी काहीतरी एका दिवसात होतंय याचा मला मोह पडला. मी म्हटलं, "करा."

त्यांनी फार मनापासून केलं. प्रत्येक पट्टीला दोन्ही फळ्यांत खिळे, वीत-वीत अंतरावर. एकही पट्टी हलेना. मग वर पिवळा ऑइलपेंट. किती दिवसांनी ते पुरुष हसतखिदळत काम करत होते, बायका त्यांना चहा नेऊन देत होत्या. नगरसेवक आले, भिंत छान आहे म्हणाले, हळदीकुंकवाचे फोटो झाले. नळाचं पुढे काही झालं नाही.

मेच्या शेवटी हवा दमट झाली, दोन सरी पडल्या. पिवळ्या रंगातून खालचं काळं तेल वर यायला लागलं, पिकलेल्या केळ्यासारखे डाग. रंगाला फुगे आले. आणि एका सकाळी मी बाजारात निघाले असताना भिंतीतून कट्ट असा आवाज ऐकला. फळ्या फुगत होत्या आणि खिळे त्यांना फुगू देत नव्हते. दोन फळ्या उभ्या चिरल्या, चार-पाच पोट काढून बाहेर आल्या. चिरेतून बोट जात होतं. आत मसाल्याचे डबे छातीपर्यंत रचलेले.

मेस्त्री त्याच संध्याकाळी एसटीने आले. सामान घरी न ठेवता सरळ तबेल्यावर. मी, मालतीबाई, शांताराम, सगळे उभे होतो. मी मनात सगळी तयारी केली होती, काय बोलायचं, कसं समजवायचं. ते भिंतीसमोर उभे राहिले. टोचलं नाही, हुंगलं नाही. मग त्यांनी शेवंतीला सांगितलं, "डबे घराक हलवा गे सगळी." आणि पिशवीतून पक्कड काढून पहिला खिळा उपसायला घेतला.

"मेस्त्री, मी हो म्हटलं होतं," मी म्हटलं. "चूक माझी आहे."

त्यांनी दुसऱ्या खिळ्याला पक्कड लावली. त्या दिवशी ते "तुमचा बरोबर आसा" सुद्धा म्हणाले नाहीत. एक शिवी दिली असती तर मला झोप लागली असती.

डबे अठरा घरांत वाटले. दहा बाय दहाच्या खोल्या त्या. पलंगाखाली डबे, फळीवर डबे, माणसं पाय पोटाशी घेऊन झोपायची आणि मुलं रात्रंदिवस शिंकायची. पुढचे बारा दिवस बाबल मेस्त्री खिळे उपसत होते. खिळा उपसला की त्याच्या भोकात तेलात भिजवलेली काडी मारायची आणि मग पुढचा. शांताराम आणि मंडळी मान खाली घालून रंग खरवडायला बसली. मेस्त्रींनी त्यांना नको म्हटलं नाही, फक्त एकदा शांतारामच्या हातातली पत्र्याची पट्टी काढून घेतली आणि कशी तिरकी धरायची ते दाखवून परत दिली. पाऊस आला की ताडपत्री लावायची, थांबला की काढायची. चिरलेल्या फळ्या बदलल्या, तेल पुन्हा पाजलं, पट्ट्या पुन्हा फटीतून मारल्या. एवढ्यात जून निम्मा सरला. उत्तरेच्या भिंतीला हात लावायला वेळच राहिला नाही. तिच्या फटींत त्यांनी तेलात भिजवलेला कापूस दाबला आणि मला तीन-तीनदा सांगितलं, "ह्या खरा काम न्हय हां, बाई."

जुलैत चार दिवस झड लागली, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. डबे परत तबेल्यात आले होते. चौथ्या दिवशी सकाळी मी घोट्याइतक्या पाण्यातून तबेल्यावर गेले. दार उघडंच होतं. मेस्त्री आत जमिनीवर बसले होते, पश्चिमेच्या भिंतीला पाठ टेकून. पंचा कोरडा, गंजीफ्रॉक कोरडा. बाहेरून भिंतीवर पाणी आपटत होतं आणि पट्ट्या अगदी गप्प होत्या. मी डब्यांवरून हात फिरवला, एक झाकण काढून मसाला बोटात घेऊन बघितला. भुरभुरीत. मला इतका आनंद झाला की मी म्हटलं, "मेस्त्री, कोरडं आहे हो! जिंकलात तुम्ही!"

"उत्तरेच्या कोपऱ्यात वायच ओल आसा," ते म्हणाले. मला त्यांच्या डोक्यात डबा घालावासा वाटला.

त्या वर्षी मसाला दिवाळीच्या आत संपला. अठरा घरं तगली. पण शेवंतीच्या घरी वेगळंच होऊन बसलं होतं. गिरणीने माणसं घ्यायला सुरुवात केली, त्यांत सुतारखातं नव्हतं. ते खातं बंदच केलं होतं. मरोळला औद्योगिक वसाहतीत एका फर्निचरवाल्याकडे जागा होती, पण त्याने आधीच्या कामाचा दाखला मागितला. गिरणीत मेस्त्रींना एक नंबर होता, दाखला नव्हता. म्हणून ते माझ्याकडे आले.

मी मंडळाच्या कागदावर सुंदर अक्षरात लिहिलं की यांनी आमच्या वास्तूच्या लाकडी भिंती पावसापासून सुरक्षित करण्याचे काम अत्यंत कौशल्याने पूर्ण केले आहे. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून मोठ्याने वाचून दाखवलं. ते म्हणाले, "पुरा केला, असा कित्याक लिवलास? उत्तरेची भिंत रवली."

"मेस्त्री, हा दाखला आहे. कबुलीजबाब नाही. कोण बघायला येणार आहे मरोळहून?"

"तुमचा बरोबर आसा, बाई," ते म्हणाले आणि कागद तसाच माझ्या टेबलावर ठेवून बसून राहिले. चहा झाला, दिवेलागण झाली, माझी पोळ्यांची वेळ झाली. शेवटी मी चिडून खाली लिहिलं, 'उत्तरेची भिंत बाकी आहे.' सही केली, शिक्का मारला. तेव्हा कुठे त्यांनी कागद घडी करून प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि "उपकार झाले" म्हणून निघाले.

फर्निचरवाला तो कागद वाचून पोट धरून हसला म्हणे. 'अर्धं काम टाकून येणारा, वर लेखी आणणारा' म्हणून त्याने त्यांना फर्निचरवर घेतलंच नाही, मागच्या शेडमध्ये पॅकिंगच्या खोक्यांवर बसवलं. शेवंतीने हे सांगितलं तेव्हा मला रात्रभर झोप लागली नाही. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारी माणसं मी पाहिलेली आहेत. पण तो धोंडा दुसऱ्याच्या अक्षरात, शिक्क्यासकट मागून नेणारा हा एकच. आणि ते अक्षर माझं होतं.

पुढल्या मे महिन्यात मरोळच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये मसाल्याची ऑर्डर पोचवायला मी आणि मालतीबाई गेलो होतो. परतताना मी त्यांना रिक्षाजवळ थांबवलं आणि ती शेड शोधत गेले. पत्र्याखाली दहा-बारा माणसं ओळीने खोकी ठोकत बसली होती. मधोमध बाबल मेस्त्री. तीच हाफपँट. देवदाराच्या ओल्या फळ्या, राळ अजून चिकट, गाठीबिठी तशाच. फळी घ्यायची, ठेवायची, चार खिळे, पुढची फळी. ते फळीकडे बघतही नव्हते. मागून एक माणूस ओरडत होता, "चाचा, हाथ चलाओ!" आणि चाचा हात चालवत होते. मी उभी होते तेवढ्यात तीन खोकी झाली. ज्या माणसाने माझा अख्खा उन्हाळा एका भिंतीत घातला, त्याला इतक्या भराभर काम करता येत होतं! मला त्यांची दया यायला हवी होती. मला भयंकर राग आला. त्या ओरडणाऱ्या माणसाचा आला, मेस्त्रींचा आला, माझा तर सगळ्यांत जास्त. वाटलं, पुढे होऊन त्यांच्या हातातला हातोडा काढून घ्यावा आणि म्हणावं, मेस्त्री, हळू, लाकूड ओलं आहे, दिसत नाही का तुम्हाला?

त्यांनी मला पाहिलं. हसले. हात थांबला नाही.

"भिंत कशी आसा, बाई?"

"एकदम कोरडी," मी म्हटलं.

"आणि उत्तरेची?"

त्या बाजूचे कापसाचे बोळे उंदरांनी कधीच ओढून नेले होते. फळ्या खालून काळ्या पडायला लागल्या होत्या. मी म्हटलं, "ती पण. अगदी छान आहे. तुम्ही काळजी करू नका."

मेस्त्रींनी पहिल्यांदाच हातोडा खाली ठेवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"खोटा बोलतास, बाई," ते म्हणाले. "थय ओल येतली. रविवारी येतंय मी." मागचा माणूस ओरडला. त्यांनी हातोडा उचलला आणि पुढची फळी घेतली.

त्या रविवारी ते आले नाहीत. शेवंती म्हणाली, ओव्हरटाइम लागला. पुढच्या रविवारीही लागला. मी आणखी दोन रविवार वाट पाहिली, मग पाऊस तोंडावर आला. उत्तरेची भिंत आम्ही एका रंगाऱ्याकडून करून घेतली. तो वेळेवर आला, एकही प्रश्न विचारला नाही, आणि दोन दिवसांत काम पुरं करून गेला. भिंत फार छान दिसायची. मसाल्याचे डबे आम्ही त्या बाजूला कधी ठेवले नाहीत.